देवळीतला फोन

2016 च्या उन्हाळ्यात लातूरच्या आमच्या घरात भांड्यांची उतरंड बदलली होती. तांब्याचा हंडा पिण्यासाठी, घागर स्वयंपाकाला, कॅनमधलं पाणी भांडी घासायला. अंघोळ मोठ्या परातीत बसून करायची आणि परातीत साचलेलं पाणी संडासाला न्यायचं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी होत्या, पाणी सुमारे 5 लाख लिटर. अख्खं गाव त्या गाडीबद्दल बोलत होतं. माय मात्र टँकरच्या वाटेकडे डोळे लावून ओट्यावर बसलेली असायची. टँकर आला की गल्लीत बोलणं सुरू व्हायचं आणि ती मला हटकायची, "आधी हंडा भर. गप्पा मागनं."

हंडा आधी. एवढा क्रम चुकला नाही तर दिवस निभायचा.

आता मी नांदेडला असते, मुद्रितं तपासते. सगळा व्यवसाय डोळ्यांचा आहे. वेलांटी पहिली की दुसरी, अनुस्वार सुटला का, ओळ दोनदा छापली गेली का, हे वाचून कळत नाही. अक्षरावर थांबावं लागतं. तीन वर्षांपूर्वी एका वयस्कर लेखकाचं पुस्तक माझ्या हाताखालून गेलं. अर्पणपत्रिका चार ओळींची होती. ती तपासताना फोन तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा मी तो पाहिला. त्यांच्या आईच्या नावातलं एक अक्षर चुकीचं छापलं गेलं. ते रागावले नाहीत. प्रत हातात घेऊन त्या नावावरून अंगठा फिरवत राहिले. तो अंगठा माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

त्या रात्री मला हंडा आठवला. सकाळी उठल्यावर डोळ्यांत जे ताजेपण असतं ते दिवसाचं पहिलं पाणी. ते मी रोज कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांवर, कुणाच्या तरी भांडणावर ओतून टाकत होते आणि पुस्तकाला तळातला गाळ देत होते.

पूर्वी फोनला घरात जागा होती. कोपऱ्यातलं स्टूल, त्यावर विणलेला रुमाल, त्यावर फोन. बोलायचं तर उठून त्याच्याकडे जावं लागायचं. जुन्या नांदेडात मी राहते त्या घराच्या भिंतीत एक देवळी आहे, दिव्याच्या काजळीनं काळी पडलेली. मी फोन तिथं ठेवायला लागले. सकाळी सहा ते दहा तो तिथंच. पहिले काही दिवस हात आपोआप उशाशी, टेबलाकडे, पदराकडे जायचा. मग हळूहळू कमी झालं. पूर्ण थांबलं असं म्हणणार नाही.

फोनवर माझा राग नाही. आमच्या शेतात मोटार मोबाइलवरून चालू होते. रात्री अपरात्री लाइट आली की भाऊ घरातूनच स्टार्टर चालू करतो. अंधारात, विंचूकाट्याच्या बांधावरून त्याला जावं लागत नाही. एक फोन, मोटार सुरू, काम संपलं. असा फोन लाख मोलाचा. जो कामाशिवाय हाक मारतो, तो मला नको आहे.

अहमदपूरमार्गे लातूरला जाणाऱ्या एसटीत शिकवणीची लेकरं भेटतात. कंधारची, मुखेडची, लोह्याची. कित्येकांच्या हातात बटनाचा फोन असतो. आईबापानं ठरवून दिलेला, घरी बोलण्यापुरता. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांकडून आपण एवढी शिस्त मागतो आणि मोठ्यांनी ती पाळायचीच नाही, हे मला पटत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं म्हणूनच मला जिंकलं. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला, आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. लेकरांचेही, थोरांचेही. शेजारचा दिवा विझलेला दिसला की आपलाही विझवायला बळ येतं. एकटीनं देवळी सांभाळणं अवघड आहे, हे मी अनुभवानं सांगते.

कधी मन फारच विखुरलं तर सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जाऊन बसते. तिथं कणीक मळणाऱ्या, रोट्या लाटणाऱ्या बायांत जागा मिळते. कुणी नाव विचारत नाही. कणकेनं भरलेल्या हातांनी फोन उचलता येत नाही. तो पिशवीत वाजून वाजून गप्प होतो. शेजारची बाई पंजाबीत काही सांगते, निम्मं कळतं. लाटलेली रोटी पुढे जाते, नवा गोळा हातात येतो. तासाभरानं उठताना खांदे दुखतात आणि डोकं धुतल्यासारखं झालेलं असतं.

मागच्या महिन्यात माय आली होती. सकाळी मी पानांवर वाकलेली, आणि देवळीतला फोन वाजला. "कुणाचं आलंय बघ की," ती म्हणाली. म्हटलं, "एवढं पान होऊ दे." ती उठली. मला वाटलं, आणून हातात देईल. तिनं तो काढून बाजूला धरला, पदरानं देवळीतली काजळी पुसली आणि फोन पुन्हा आत ठेवला, पालथा.