ट्रेलर मागेच राहिला पाहिजे

सॅक्रामेंटो शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीसेक फुटांवर वसलंय. तिथून इंटरस्टेट ८० पूर्वेला निघतो आणि सुमारे दीडशे किलोमीटरमध्ये ७,२३९ फुटांवरच्या डॉनर समिटला पोचतो. आपलं कळसूबाई ५,४०० फुटांचं. त्याच्याही वर सुमारे अठराशे फूट चढून जाणारा हा मालट्रकांनी भरलेला हमरस्ता आहे. पॅसिफिकवरून येणारे ओले वारे इथं सिएरा नेवाडाला अडतात, वर चढतात, गार होतात आणि बरंचसं पाणी बर्फाच्या रूपानं टाकून देतात. माथ्याजवळच्या सोडा स्प्रिंग्जला बर्कली विद्यापीठाची बर्फ मोजणारी प्रयोगशाळा १९४६ पासून आहे. २०२२-२३ च्या एका हिवाळ्यात तिथं ७५४ इंच, म्हणजे एकोणीस मीटरहून जास्त बर्फ पडल्याची नोंद आहे. आणि हा बर्फ भुरभुरीत नसतो. इथले लोक त्याला 'सिएरा सिमेंट' म्हणतात. ओला, जड, चाकाखाली दाबला गेला की लगेच काचेसारखा गुळगुळीत.

याच घाटातून भर फेब्रुवारीत कॅम्पिंग ट्रेलर ओढत आम्ही माथ्यापलीकडच्या ट्रकी गावाला निघालो होतो. पिकअप मी चालवत होतो, मागे बायको आणि शेजारच्या सीटवर शिरोळहून आलेले माझे मामा. मामांनी उमेदीची सगळी वर्षं ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस घातलाय. अमेरिकेत आल्यापासून त्यांना गोल्डन गेट पुलापेक्षा रस्त्यावरून जाणारे ट्रेलरच जास्त आवडत होते. कोण कसं जोडतंय, साखळी कुठं अडकवतंय, वजन पुढं टाकलंय की मागं, हे ते खिडकीतून टक लावून बघायचे.

ऑबर्नपर्यंत ऊन होतं. कोलफॅक्सला ढग उतरले, गोल्ड रनच्या पुढं काचेवर पांढरे ठिपके यायला लागले. मग रस्त्याकडेच्या बोर्डावर दिवे लागलेले दिसले: चेन लावा, आर-२.

कॅलिफोर्नियात बर्फातल्या रस्त्याच्या तीन पायऱ्या आहेत. आर-१ ला बहुतेक गाड्या चांगल्या स्नो टायरवर सुटतात. आर-२ ला चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्या सोडून सगळ्यांना चेन. आर-३ ला कुणालाच सूट नाही, पण ती वेळ येण्याआधी बहुतेकदा रस्ताच बंद करतात. २०२४ च्या मार्चच्या सुरुवातीला हिमवादळात हाच रस्ता दोन दिवसांहून जास्त बंद होता.

आर-२ वाचून फोर-व्हील ड्राइव्हवाले निवांत होतात, आणि ट्रेलर ओढणारे इथंच फसतात. गाडीमागे ट्रेलर जोडला की ती सूट संपते. ओढणाऱ्या गाडीच्या एका ड्राइव्ह ॲक्सलला चेन लागतेच, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर त्याच्याही निदान एका ॲक्सलला लागते. दुसरी अट ऐकून अनेकांना नवल वाटतं. ट्रेलरला इंजिन नाही, त्याची चाकं काही ओढत नाहीत, मग त्यांना चेन कशाला?

मी हे मामांना विचारलं. ते पुढच्या रस्त्याकडं बघतच म्हणाले, "ट्रॉली कुणीबी वढतंय, लेका. ती मागंच ठिवायची, हे काम हाय."

इतक्या नेमक्या शब्दांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पिकअपची चेन चढायला असते. ट्रेलरची चेन थांबायला असते, आणि त्याहून जास्त सरळ राहायला. आमच्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत. पिकअपचं ब्रेक पेडल दाबलं की डॅशबोर्डवरचा कंट्रोलर ट्रेलरच्या ब्रेकना वीज पाठवतो. कोरड्या डांबरावर हे उत्तम चालतं. पण निसरड्यावर हलका ट्रेलर पकड सोडतो, ब्रेक चाकाला धरून ठेवतो आणि चाक फिरायचं थांबतं. फिरणारं चाक गाडीला आपल्या रेषेत धरून ठेवतं. न फिरणाऱ्या चाकाला पुढं, मागं, आडवं सगळं सारखंच. मग उताराला ट्रेलर बाजूनं पुढं येऊ बघतो आणि गाडी-ट्रेलरची जोडी मधून मिटते. बिनब्रेकच्या भरलेल्या ट्रॉल्या घेऊन तवंदी घाटाच्या उताराला लागलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

चेन लावायच्या जागेत पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या. पिवळी जाकिटं घातलेले, बिल्ला लावलेले चेन लावणारे लोक गाड्यांमधून फिरत होते. ते सरकारी नोकर नसतात. परवाना घेऊन स्वतःचा धंदा करतात आणि पैसे घेऊन चेन लावून देतात. चेन विकायची किंवा भाड्यानं द्यायची मात्र त्यांना मुभा नाही. त्यांच्यातला एकजण आमच्याकडं आला, ट्रेलरच्या चाकाशी वाकला, आम्ही आणलेली चेन हातात घेऊन बघितली आणि म्हणाला, "ट्रेलरची वेगळी आणलीत, बरं केलंत." पिकअपचं चाक सतरा इंची रिमचं, ट्रेलरचं चौदाचं. एकाची चेन दुसऱ्याला बसत नाही. म्हणून दोन जोड लागतात, आणि प्रत्येक जोड घरी, कोरड्या ड्राइव्हवेवर एकदा चढवून बघावा लागतो. कारण ट्रेलर बनवणाऱ्यांच्या डोक्यात बर्फ नसतो. चाकावरचा मडगार्ड टायरला अगदी लागून असतो, आतल्या बाजूनं ब्रेकची वायर गेलेली असते, दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये पुढच्या-मागच्या टायरमधली फट कधी कधी बोटभरच असते. तिथं जाड कड्यांची चेन फिरली तर मडगार्ड फाडेल, वायर तोडेल. आमच्या एका ॲक्सलच्या ट्रेलरला बारीक केबलची चेन बसते. कॅलिफोर्नियात ती चालते.

बायकोनं चटई अंथरली आणि कपाळावर दिवा बांधला. मी पिकअपच्या मागच्या चाकांकडं वळलो. ट्रेलरचं उजवं चाक मामांनी मागून घेतलं.

चेन लावण्यात शक्ती फार लागत नाही, क्रम लागतो. आधी ती जमिनीवर पसरून पीळ काढायचा. आकड्यांची तोंडं बाहेर, टायरच्या कडेला टोचतील अशी नाहीत. मग टायरवर टाकून दोन्ही बाजूंना सारखी लोंबू द्यायची, आतला आकडा आधी अडकवायचा कारण तिथं हात नीट पोचत नाही, बाहेरचा नंतर, आणि शेवटी रबरी ताणपट्टा. चाकाखाली राहिलेला भाग घ्यायला गाडी अर्धा फेरा पुढं. हवा कमी करायची नाही. शंभर-दीडशे मीटर गेल्यावर पुन्हा उतरून घट्ट करायची, कारण पहिल्या फेऱ्यांत ती बसते आणि सैल पडते. ही दुसरी खेप लोक कंटाळून टाळतात; सैल चेनचा तुकडा सुटला की तो चाकाच्या घरात चाबकासारखा आपटत राहतो.

मामांनी चटईवर गुडघे टेकून चेन आतून चाचपली. "आजऱ्याकडं भाताच्या चिखलात केज व्हील लावत्यात, तसलंच," म्हणाले. मग हातमोजा काढून उघड्या बोटांनी आकडा अडकवला. मी थंडीसाठी ओरडलो. "मोज्यात कळत न्हाई रं, बसला का न्हाई," एवढंच उत्तर आलं.

१९०४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांनी टायरच्या चेनचं पेटंट घेतलं, तेव्हाची कल्पना आणि आज आमच्या हातातली वस्तू यांत फारसा फरक नाही. इतक्या काळात गाड्या कुठल्या कुठं गेल्या. बर्फावर मात्र अजूनही लोखंडच चाकाला बांधावं लागतं. मला ही गोष्ट मनापासून आवडते.

निघण्याआधी आणखी दोन कामं. ट्रेलर डुलू नये म्हणून जोडणीवर जो घर्षणाचा दांडा असतो तो काढून ठेवला. कोरड्यात तो उपकारक, पण निसरड्यावर वळताना ट्रेलरला मोकळं वळू देत नाही. आणि ब्रेक कंट्रोलरची ताकद कमी केली, म्हणजे हलका ब्रेक लावला तर ट्रेलरची चाकं जागच्या जागी अडकणार नाहीत.

तपासणीच्या जागी अधिकाऱ्यानं टॉर्च आधी पिकअपच्या चाकावर मारला, मग चालत मागे जाऊन ट्रेलरच्या दोन्ही चाकांवर. आमच्या पुढची ट्रेलरवाली गाडी त्यानं बाजूला काढली होती. गाडीला चेन होती, ट्रेलरला नव्हती.

पुढचा प्रवास ताशी ३० मैलांचा. चेन वाजत असते, स्टिअरिंग थरथरतं, बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. इमिग्रंट गॅप गेलं. युबा गॅपजवळ, जानेवारी १९५२ मध्ये, 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' ही आगगाडी बर्फात रुतली होती. २२६ माणसं जवळपास तीन दिवस तिच्यात अडकली. त्यांना याच महामार्गाच्या जुन्या वाटेनं बाहेर काढलं. मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा रस्त्यावरची नजर काढून बाजूच्या दरीकडं बघितलं. रस्त्याच्या कडेनं बर्फ मोजायच्या आणि बर्फ हटवणाऱ्या नांगराच्या गाड्यांना कड दाखवायच्या उंच काठ्या उभ्या होत्या, निम्म्या गाडल्या गेलेल्या.

माथ्यापर्यंत चढण आहे आणि चढणीला ट्रेलर शहाण्यासारखा मागे येतो. परीक्षा पलीकडं. समिटवरून ट्रकीच्या बाजूला रस्ता एकदम उतरतो, उजव्या हाताला खाली डॉनर लेक दिसतो. मी खालच्या गिअरमध्ये उतरत होतो, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून. एका वळणापलीकडं पुढची सेडान अचानक तिरकी झाली आणि गर्रकन अर्धी वळून थांबली. मी ब्रेक दाबला, हलका पण सलग. मागून ट्रेलरची ओढ जाणवली, ढकल नाही. आरशात त्याची डावी आणि उजवी बाजू सारखीच दिसत होती. आम्ही सेडानपासून चार-पाच गाड्यांइतकं अलीकडं थांबलो, जोडी सरळच्या सरळ.

"धरलं," मामा म्हणाले. त्यांचा एक हात दाराच्या कडीवर होता.

सेडानमधल्या बाईंना काही झालं नव्हतं. त्यांनी गाडी सावरून कडेला घेतली, मागून नांगराची गाडी आली, तिच्या मागोमाग आम्ही उतरलो.

ट्रकीत वर्षभर उघडं असणारं एक आरव्ही पार्क होतं. तिथं ट्रेलर लावला. हिवाळ्यात पाणी गोठून नळ्या फुटतात, म्हणून आम्ही त्या निघण्याआधीच रिकाम्या केल्या होत्या; पिण्याचं-स्वयंपाकाचं पाणी कॅनमधून. शेगडी आणि हीटर प्रोपेनवर. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो, त्यामुळे तो अशा रात्री दगा देत नाही. बायकोनं पिठलं टाकलं. मामांनी चेन बादलीतल्या पाण्यात खंगाळून, मीठ आणि चिखल काढून, हीटरच्या तोंडाशी टांगल्या आणि एकेक कडी बोटानं तपासली.

दुसऱ्या दिवशी डॉनर मेमोरियल स्टेट पार्कला गेलो. १८४६ मध्ये बैलगाड्या घेऊन निघालेल्या ८७ जणांच्या तांड्यातली बहुतेक माणसं हिवाळ्यात या घाटाच्या पायथ्याशी अडकली, आणि वसंतापर्यंत त्यांतली जवळपास निम्मी मेली. त्यांच्या स्मारकाचा चौथरा २२ फूट उंच आहे. त्या साली इथं तेवढा बर्फ साचला होता, असं सांगतात. मामा चौथऱ्याच्या पायाशी उभे राहून मान वर करून बघत राहिले. मग विचारलं, "बैलं किती हुती त्यांच्याजवळ?" मी मला माहीत होतं ते सांगितलं: बैल बर्फात मेले, काही लोकांनी मारून खाल्ले. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

परतीच्या सकाळी फोनवर रस्त्यांची स्थिती दाखवणारं क्विकमॅप उघडलं तर माथ्यावर आर-१ होतं. आर-१ लाही ट्रेलर ओढणाऱ्याला सूट नाही. पार्कातला रस्ता सपाट होता, उजेड होता, घाई नव्हती, म्हणून चेन तिथंच चढवायच्या ठरल्या. मामांनी चटई उचलली आणि ट्रेलरच्या चाकांशी अंथरली. पिकअपची नंतर, म्हणाले.