ताटातल्या तेलाबद्दल बदललेलं मत

तेल जितकं कमी तितकी तब्येत चांगली, असं मी कितीतरी वर्षं मानत आले आणि घरालाही मानायला लावलं. आज मी तसं मानत नाही. खामगावात माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत अजून हीच समजूत आहे, म्हणून माझं मत का बदललं ते सविस्तर लिहिते आहे.

यजमानांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, तेव्हा ‘तेल-तूप बंद’ एवढंच माझ्या मनावर कोरलं गेलं. मी ते निष्ठेनं पाळलं. फोडणी थेंबावर आली. अंबाडीच्या भाजीवरची लसणाची फोडणी गेली. भाजीतलं दाण्याचं कूट गेलं, कारण दाण्यातही तेलच. जवसाची चटणी आपोआप मागे पडली. संग्रामपूरकडच्या माझ्या सासूबाई ताटावर बसल्या की म्हणायच्या, “काहून वं बाई इतकं कोरडं कोरडं? भाकर घशाखाली उतरत नाही.” जुन्या माणसांच्या जिभेची सवय, असं मी समजत होते.

त्या कोरड्या जेवणानं पोट मात्र टिकत नव्हतं. दुपारी चार वाजले की यजमान डबे हुडकायचे आणि चहाबरोबर खारी, टोस्ट, बिस्किटं जायची. तेलकट दिसत नाहीत म्हणून मीही ती आणून ठेवायची. पुढे अकोल्याला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंतचं खाणं लिहून घेतलं आणि विचारलं, “तेल कमी केलंत ते ठीक, पण त्याच्या जागी काय आलं?” खारीचे पापुद्रे सुटतात ते पिठात थरावर थर लावलेल्या वनस्पती तुपामुळे किंवा मार्गारीनमुळे, हे त्यांनी समजावलं तेव्हा मी गप्प झाले. घरच्या फोडणीतलं चमचाभर करडीचं तेल मी वाचवत होते आणि बेकरीतून घट्ट केलेलं तूप विकत आणत होते. वनस्पती तुपात पूर्वी ट्रान्स फॅट भरपूर असायचं. आपल्याकडे त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली ती थेट २०२२ मध्ये.

त्यानंतर मी मिळेल ते वाचत गेले. ही तेलाची धास्ती नुसती आपली नव्हती. अमेरिकेत १९७७ साली सिनेटच्या समितीनं आहाराची उद्दिष्टं मांडली, त्यांत स्निग्धांश कमी करण्यावर भर होता. पुढच्या काळात तिथल्या दुकानांत स्निग्धांश काढलेले पण साखर नि मैद्यानं भरलेले पदार्थ येऊन बसले. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र एकूण स्निग्धांशावरची कमाल मर्यादा तिथल्या सरकारनं ठेवलीच नाही. संपृक्त स्निग्धांश, म्हणजे तूप, लोणी, पामतेल यांत जास्त असतो तो, १० टक्के उष्मांकांच्या आत ठेवा, ही अट कायम राहिली. म्हणजे मोजायचं ते नुसतं किती नव्हे, कोणतं हेसुद्धा. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या हजारो माणसांवर मोठी चाचणी झाली. ज्यांच्या जेवणात ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा वाढवला, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघात मिळून तेल कमी करायला सांगितलेल्यांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी आढळले. ऑलिव्ह आपल्या मातीतलं नाही, पण आपल्याकडे काय आहे हे बघायला त्यानं मला भाग पाडलं.

आपल्याकडे जवस आहे. १०० ग्रॅम जवसात ४० ग्रॅमच्या आसपास तेल असतं आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-३ जातीचा. रोजच्या शाकाहारी जेवणात हा घटक इतका भरपूर देणारी दुसरी वस्तू आमच्या घरात तरी नाही. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम कुटलेल्या जवसात तो दीड ग्रॅमच्या वर मिळतो. बाईमाणसाची दिवसाची गरज १.१ ग्रॅम आणि पुरुषाची १.६ ग्रॅम धरतात. मासळीतलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं असतं आणि जवसातल्याचा थोडाच भाग शरीर त्यात बदलू शकतं, हेही सांगायला हवं. तरी रोज भाकरीशी चमचाभर चटणी, इतक्या कमी खर्चात, ही लहान गोष्ट नाही.

चटणी करायची ती अशी. लोखंडी तवा मंद आचेवर ठेवून जवस टाकायचं आणि हलवत राहायचं. थोड्या वेळात ते तडतडायला लागतं, दाणा किंचित फुगतो आणि खमंग वास येतो. तडतड कमी झाली की लगेच उतरवायचं, जास्त भाजलं की कडू होतं. थंड झाल्यावर सुकी लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. सगळं महत्त्व या कुटण्यालाच आहे. जवसाची साल टणक आणि गुळगुळीत असते, अख्खा दाणा पोटातून तसाच बाहेर पडतो आणि आतलं तेल अंगी लागत नाही. कुटलं की तेल मोकळं होतं, पण मग हवेनं ते लवकर खवटतं. म्हणून मी आठवड्यापुरतीच चटणी करते आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवते.

अंबाडीवरची फोडणीही परत आली. पालेभाजीतलं कॅरोटीन, ज्यातून शरीर अ जीवनसत्त्व करतं, ते स्निग्धांशाच्या सोबतीनंच नीट शोषलं जातं. ड, ई आणि के या जीवनसत्त्वांचंही तसंच. शेगावी गजानन महाराजांना पिठलं-भाकरीबरोबर अंबाडीच्या भाजीचा नैवेद्य दाखवतात, तो आपल्या वऱ्हाडी घरातलाच पूर्ण स्वयंपाक आहे. ज्वारी, डाळीचं पीठ, पाला आणि वरून लसणाचं तेल. सासूबाईंच्या बोलण्यात चवीपलीकडचंही काही होतं, हे मला आता पटतं.

याचा अर्थ डबा उपडा करायचा असा नाही. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ उष्मांक असतात, मग ते करडीचं असो की पामचं. २०२५ मध्ये पंतप्रधानांनी खाद्यतेल १० टक्क्यांनी कमी करायचं आवाहन केलं ते मला मान्य आहे, आणि ती कपात तळणातून करावी असं माझं मत आहे. आमच्या घरी तळण सणावारीच होतं आणि तळून उरलेलं तेल पुन्हा कढईत जात नाही. शेगावची कचोरी आम्हीही खातो, पण शेगावला गेलो तरच. चारच्या खारीच्या जागी आता मूठभर भाजलेले दाणे आणि गूळ असतो, हिवाळ्यात तिळाची चिक्की. भर घातली ती कशाच्या तरी जागी, वरून नव्हे. ज्यांना हृदयाचा किंवा पित्ताशयाचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

मनाला लागते ती दुसरीच गोष्ट. एवढं पटल्यावर जवस नि करडीचं तेल शोधायला निघावं, तर जिल्ह्याच्या शिवारात सोयाबीन, कपाशी आणि त्यामागून हरभरा. देशाच्या गरजेचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं आणि त्यात पामतेल सर्वांत जास्त. करडी मागे पडली, कारण काट्यांमुळे काढणीला मजूर येत नाहीत. पण आपल्या काळ्या मातीत ती नुसत्या ओलीवर येते, मूळ खोल जातं आणि त्याच काट्यांमुळे जनावरं तिच्यातून सहसा घुसत नाहीत. जुने शेतकरी ती कडेनं पेरायचे ते त्यासाठीच.

म्हणून शेतकरी घरांतल्या बायांना माझी विनंती आहे. यंदा रब्बीचा हरभरा पेरताना घरधन्याला सांगून धुऱ्याकडेनं करडी आणि मधे दोन तासं जवसाची टाकून घ्या. बाजारात विकण्याएवढं नको, घरच्या वर्षाच्या चटणीपुरतं आणि घाण्यावर नेऊन तेल काढण्यापुरतं झालं तरी पुष्कळ आहे. ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांनी किराण्याच्या यादीतून खारीचा पुडा काढून त्या जागी पावभर जवस लिहावं.