पेनाचं लाकूड कोणतं?

लेथवर घडवलेल्या लाकडी पेनांचं सध्या भारी वेड आहे. विकणारे 'रोझवूड', 'पडौक' अशी वजनदार नावं सांगतात, आपण रंग बघून मान डोलावतो. पण राव, रंग फसवतो! आफ्रिकेतलं पडौक ताजं कापलं की केशरी-लाल दिसतं, उजेडात हळूहळू तपकिरी होतं.

खरी ओळख पटते ती आडव्या छेदावर. धारदार पात्यानं कापा आणि दहापट भिंगातून बघा. सागाची मोठी छिद्रं वलयात ओळीनं बसलेली दिसतात, बाभळीची सगळीकडे विखुरलेली. तयार पेनात मात्र हा छेद धातूच्या टोकांआड लपतो. म्हणून उरलेला तुकडा नाव लिहून जपायचा. कोडमधली कॉमेंटच म्हणा ना!

हा नुसता हौसेचा मामला नाही. २०१७ पासून शिसवाचा अख्खा डालबर्जिया वंश साइट्सच्या यादीत आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

मग परदेशी नावांचा एवढा सोस कशाला? नेवासे तालुक्यातल्या आमच्या घोडेगावात मोडक्या बैलगाड्यांची, तिफणींची बाभूळ सरपणात जाते. अमेरिकेतल्या पेनवाल्याला तीच 'एक्झॉटिक' वाटेल. माझ्या खिशातल्या पेनाला भिंग लागत नाही. ती आजोबांची तिफण आहे.