तळहाताएवढा

मोडलेलं कॉलरबोन जुळतं, टाके निघतात, गळ्यातली झोळी कपाटात जाते. माणूस पुन्हा दुचाकीला किक मारायला लागतो. घरातले आपापल्या कामाला लागतात आणि मग या बधिर तुकड्याची खरी ओळख होते. कॉलरबोनच्या खाली, छातीच्या वरच्या बाजूला, तळहात ठेवला तर झाकला जाईल एवढा हा. रंग आजूबाजूच्या कातडीसारखाच. बघणाऱ्याला काही कळत नाही. बोट फिरवलं तर बोटाला कळतं की आपण कुणाला तरी हात लावला. ज्याला लावला तो मात्र गप्प.

बधिरपणा म्हणजे काहीच नसणं, असं ज्यांना तो नाही त्यांना वाटतं. याला मात्र स्वभाव आहे, आवडीनिवडी आहेत. दाब याला कळतो. सीटबेल्ट आवळला, पिशवीचा पट्टा रुतला की आतून कुठून तरी खबर येते, कारण खालचं मांस आणि हाड जागं असतं. पण सुती सदऱ्याची हालचाल, पावसाचा थेंब, पंख्याचा वारा हे याच्या गावीही नसतं. कधी भलत्या वेळी खाज सुटते. नखांनी खाजवावं तर खाजेपर्यंत नख पोचतच नाही. वर कातडी लाल होते आणि आत खाज तशीच राहते. याच्या कडा तर अगदी वेगळ्या. तिथे टॉवेल नुसता घासला तरी वीज चमकून जाते.

मुलगी खांद्यावर झोपते तेव्हा तिचा गाल नेमका इथेच टेकतो. तिचा भार मला कळतो. तिचा श्वास कळत नाही.

याचं मूळ मानेत आहे. मानेच्या तिसऱ्या आणि चौथ्या नसेतून काही बारीक फांद्या निघतात, मानेच्या बाजूने खाली उतरतात आणि कॉलरबोनला ओलांडून छातीवर पसरतात. हाडावरून जाताना त्या कातडीच्या इतक्या जवळ असतात की काही सडपातळ माणसांना बोटाखाली दोरा सरकल्यासारखं लागतं. मोडलेलं हाड जुळवायला प्लेट बसवायची तर हाडापर्यंत जावं लागतं, आणि हाडाच्या लांबीने घेतलेला आडवा छेद या फांद्यांच्या वाटेतच येतो. काही सर्जन त्या शोधून जपतात, काही उभा छेद घेतात; तरी प्रत्येक फांदी वाचेलच असं नाही. या नसा एकही स्नायू हलवत नाहीत. हात वर जातो, पकड टिकते, वजन उचलता येतं. म्हणून तपासणीच्या कागदावर याला क्वचितच ओळभर जागा मिळते.

चौथी नस साधीसुधी नाही. श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नसेचा मोठा वाटा तिच्यातूनच येतो. दुर्बिणीने पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांचा खांदा दुखतो तो याच नात्याने: पोटात भरलेल्या गॅसने पडदा डिवचला जातो आणि मेंदूला तक्रार खांद्याकडून आल्यासारखी वाटते. आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. गर्भात हात फुटतो तेव्हा तो मधल्या पाच नसांची कातडी स्वतःबरोबर ओढून नेतो. त्यामुळे छातीवर मानेच्या चौथ्या नसेच्या खाली थेट पाठीची दुसरी नस लागते. दादरहून गाडी सुटावी आणि पुढचंच स्टेशन ठाणं यावं तसं. माझ्या या पाहुण्याची खालची सीमा साधारण तिथेच आहे. तिच्यावरून बोट खाली नेताना स्पर्श अचानक जागा होतो, तेव्हा माझ्या जन्माआधीची एक घडी मला बोटाखाली लागते.

तो आकसतो, हेही खरं. तुटलेली नस चांगल्या परिस्थितीत दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते आणि शेजारच्या नसाही आपली टोकं आत सरकवतात. आधी मुंग्या येतात, मग जळजळ, मग एखाद्या सकाळी आंघोळीच्या पाण्याचा गरमपणा कळतो. हे महिन्यांचं काम आहे, कधी वर्षा-दोन वर्षांचं. पुष्कळांच्या अंगावर याचा थोडा भाग कायमचा राहतो.

शस्त्रक्रियेआधी याचं नाव घ्यायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं प्रत्येक रुग्णाला मिळायलाच हवीत असं मी ठामपणे म्हणेन. हाड नीट बसावं म्हणून ही किंमत मी आनंदाने दिली असती. पण ज्याला आधी सांगितलेलं नसतं तो रात्री छातीवर हात फिरवून घाबरतो. डावी बाजू असेल तर त्याला हृदयाची शंका येते, आणि घरच्यांना उठवावं की नाही या विचारात तो पहाट करतो.

आता प्लेट काढायची का, असं सगळे विचारतात. हाड भरलं आहे, आत धातू कशाला ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं. प्लेट टोचत असेल, पट्ट्याखाली सलत असेल, तर काढावीच. पण काढायची म्हणजे बहुधा जुन्याच व्रणावरून पुन्हा छेद, आणि इतक्या हळू परतलेल्या नसा तिथेच असणार. माझी प्लेट सलत नाही. गेल्या पावसाळ्यात कॉलरबोनलगतची बोटभर पट्टी जागी झाली. ती पट्टी मी पुन्हा पणाला लावणार नाही, असं डॉक्टरांना सांगितलं आहे.