परळचे पुरवठा भवन

लग्न होऊन गिरगावात आले त्याला 31 वर्षं झाली. पण परळला माझं जाणं व्हायचं ते के. ई. एम.मध्ये कुणाला भेटायला, नाहीतर गणपतीत. तिथे तक्रार घेऊन जावं लागेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

त्याचं असं झालं. 2023 साली नागपूरला भाचीचं लग्न होतं. मुहूर्त दुपारी 12 वाजून 20 मिनिटांचा, विमान सकाळी 6 चं. हे म्हणत होते, "आदल्या रात्रीच्या गाडीने जाऊ." विमानाचा हट्ट माझा! ते सुटलं दुपारी 2 ला. आठ तास काउंटरवरची मुलगी 'तांत्रिक कारण' एवढंच सांगत होती. चहासुद्धा पदरचे पैसे मोडून घेतला. पोहोचलो तेव्हा मांडवातल्या खुर्च्या उचलत होते. "आत्या, अगं होतीस कुठे?" भाचीने विचारलं आणि मला रडूच फुटलं.

कंपनीला पत्र लिहिलं. उत्तरात दिलगिरी आणि पुढच्या प्रवासाचं कूपन. हे म्हणाले, "सोड आता." पण शेजारच्या वहिनींनी नियमच पुढे ठेवले. एवढ्या जवळच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला तरी खाणंपिणं कंपनीने द्यायचं. सहा तासांवर गेला तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे. वादळ-धुकं असेल तर गोष्ट वेगळी. याउपर नुकसानभरपाई हवी तर ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, वकील लागत नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणून गिरगावकरणीला दक्षिण मुंबईचा आयोग. तो त्या वर्षी परळला होता.

चर्नी रोडला धीमी गाडी धरली, प्रभादेवीला उतरले, पूल ओलांडून परळला आले. विचारत विचारत कामगार विमा योजनेचं महात्मा गांधी हॉस्पिटल गाठलं. त्याच्याजवळच जनरल नागेश मार्गावर पुरवठा भवन. नावावरून मला रेशनचं ऑफिसच वाटलं होतं! आत बाकावर माझ्यासारख्याच बायका, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या. एकीचं फ्रिजचं भांडण, एकीचं बिल्डरशी. मुंबईत 1966 साली नऊ बायकांनी कंझ्युमर गायडन्स सोसायटी काढली, तेव्हा ग्राहकांसाठी असा कायदाही नव्हता. तो आला 1986 साली. त्यांची मला तिथे आठवण झाली.

मी बोर्डिंग पास, विमानतळावरच्या फलकाचा फोटो आणि चहाची पावती नेली होती. कारकुनाने विचारलं, "लग्नपत्रिका आहे का?" नशिबाने पर्समध्ये होती. मुहूर्ताची वेळ छापलेली पाहून तो म्हणाला, "हे बरं झालं."

दोन तारखांना कंपनीचा वकील मुदत मागून गेला. हे कंटाळले, मीही खरं तर कंटाळले होते. तिसऱ्या तारखेआधी कंपनीने तडजोड केली: दोघांच्या तिकिटांचे पैसे आणि वर 5 हजार, रोख; कूपन नाही. ह्यांनी ते दोनदा मोजले.

पत्रिका मात्र तिथेच फायलीत राहिली. अल्बममध्ये लावायला भाचीकडून दुसरी मागवली आहे.