समुद्राला विरजण

"दुधाला विरजण लावतात एवढं आम्हाला ठाऊक होतं. तू तर समुद्रालाच विरजण लावायला निघालीस!" आमच्या सासूबाई असं म्हणाल्या तेव्हा घरातले सगळे हसले. मीही हसले. पण मैत्रिणींनो, त्या थट्टेत केवढं शास्त्र होतं ते मला आधी कळलं असतं, तर दोन माशांचे जीव वाचले असते.

पहिल्यापासूनच सांगते. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना त्याचं वर्णन करून सांगायला नको. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती. पाणी आलंच तर तेवढंच येईल, असं आम्ही धरून चाललो होतो. वाशिष्ठीनं आणि शिव नदीनं तो हिशेब मोडला. तळमजला बुडाला आणि आम्ही सगळे वरच्या खोलीत जीव मुठीत धरून बसलो. लेक तेव्हा पाच वर्षांची. जिन्याची एकेक पायरी पाण्याखाली जात होती आणि ती मोठ्यानं मोजत होती. अकरावी पायरी गेल्यावर तिनं मोजणं थांबवलं.

पाणी उतरलं, गाळ निघाला, भिंतींना नवा रंग लागला. पण पोरीच्या मनातलं पाणी काही उतरेना. पावसाळ्यात रात्री मधेच जागी झाली की पलंगावरून एक पाय खाली सोडून बघायची, जमीन कोरडी आहे ना! गुहागरला नेलं तर सुरूच्या बनातच बसून राहायची. लाटेत पाय बुडवायचं नाव नाही.

अशात एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रत्नागिरीला नणंदेकडे गेलो. तिथे झाडगावात कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, १९५८ साली सुरू झालेलं. तिथलं मत्स्यालय बघायला मुलांना घेऊन गेलो. भाचे सगळीकडे हुंदडत होते, पण ही एका काचेपुढे उभी राहिली ती हलेचना. शेवटी मीच हाक मारली. तर म्हणते कशी, "आई, हे पाणी बघ ना, किती शहाण्यासारखं एका जागी उभं आहे!"

माझ्या पोटात कालवलं. परतीच्या गाडीतच मी ठरवलं, घरात समुद्र आणायचा.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, पाण्यानं घरातलं एवढं नेलं, आता पैसे मोजून पाणी घरात आणायचं?" बोलणं काही खोटं नव्हतं. पण माझी भिशी लागायची होती, आणि शाळेतल्या अर्ध्या वेळच्या नोकरीतले थोडे पैसे बाजूला होते. घरखर्चाला हात लावणार नाही, या अटीवर परवानगी मिळाली.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी घेतली. काठोकाठ भरली तर एकशे नव्वद लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन एकशे नव्वद किलो! पुराच्या धास्तीनं टाकी वरच्या मजल्यावर ठेवायची होती, म्हणून गवंड्याला विचारून भिंतीला लागून, तुळईच्या वर ती बसवली.

आता मीठ. मला वाटलं, स्वयंपाकघरातलंच खडेमीठ घालू. पण आपलं मीठ म्हणजे बहुतेक सगळं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं पुष्कळ काही असतं. त्यासाठी तयार सागरी मीठ मिळतं. ते लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम लागतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून पाणी घ्यायचं ते फिल्टरचं, आरओचं. तीन दिवस बादल्या भरत होते. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी सासूबाईंनी भांड्यांना आणि लादी पुसायला वापरलं, म्हणून बरं.

लेकीला टाकीत रंगीबेरंगी प्रवाळ हवे होते. "प्रवाळ म्हणजे माझ्या अंगठीतलं पोवळंच ना?" सासूबाईंनी विचारलं. तेव्हा आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी समजावून सांगितलं, की प्रवाळ हा दगड नाही, झाडही नाही. ते इवले इवले प्राणी असतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात. हजारो वर्षांच्या अशा घरांची भिंत म्हणजे प्रवाळाचा खडक. आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, मालवणच्या समुद्रात असे प्रवाळ आहेत. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. आणि २००१ सालापासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्यात वाघाच्या पंगतीला बसवलेलं आहे. जिवंत सोडाच, मेलेला तुकडाही उचलून घरी आणायचा नाही. सहलीहून आणलेला पांढरा तुकडा शोकेसमध्ये ठेवायची आपल्याकडे हौस असते, म्हणून मुद्दाम सांगते. आम्ही भाजलेल्या मातीचे, भोकाभोकांचे तयार दगड आणले आणि त्यांचीच कपार रचली. लेकीची समजूत अशी घातली, की प्रवाळ बघायला आपण मालवणला जायचं, त्यांना आपल्याकडे बोलवायचं नाही.

दिवा लागला, पंप सुरू झाला, पाणी आरशासारखं झालं. दुकानदार म्हणाला होता, चार दिवसांनी मासे सोडा. पाचव्या दिवशी दोन निळे डॅमसेल मासे आणून सोडले. दोन दिवस घरात सण होता. तिसऱ्या दिवशी ते पाण्याच्या वरच्या थरात येऊन धापा टाकू लागले आणि चौथ्या दिवशी सकाळी दोघेही तळाशी पडलेले.

लेक रडली नाही. नुसती म्हणाली, "या पाण्यानं पण मारलं."

काय करून बसले मी! पाण्याची भीती घालवायला गेले आणि तिच्या भीतीलाच पुरावा आणून दिला. उत्साहावर विरजण पडलं म्हणतात, ते असं.

सरांनी येऊन बाटलीतले थेंब घालून पाणी तपासलं. पिवळं राहायला हवं होतं ते हिरवंगार झालं. म्हणाले, "मॅडम, दिसायला पाणी स्वच्छ आहे, पण टाकी कच्ची आहे." मासे जे श्वासावाटे आणि विष्ठेवाटे टाकतात, जे अन्न उरून कुजतं, त्याचा अमोनिया होतो. तो माशांना विष. एका जातीचे जिवाणू तो खाऊन त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते मासे बरंच सोसू शकतात आणि थोडं थोडं पाणी बदललं की कमीही होतं. हे दोन्ही जिवाणू नव्या टाकीत नसल्यासारखेच असतात. दगडांच्या भोकांत, वाळूत, स्पंजात त्यांची वस्ती वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडायचा नाही. वस्तीला खायला मात्र काहीतरी द्यायचं. जुन्या चालत्या टाकीतला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं.

"म्हणजे विरजणच की!" मी म्हटलं.

सरांचा भाचा कऱ्हाडला असतो, त्याच्याकडे अशी टाकी आहे. त्यानं ओल्या स्पंजाचा तुकडा पिशवीत घालून दिला आणि कुंभार्ली घाटातून एसटीनं आमचं विरजण आलं. जिवाणूंना खाऊ म्हणून मी एक सोललेली कोलंबी पाण्यात टाकली. "अगो, कोलंबीचा भाव काय नि तू कुजवायला घालतेस?" असं म्हणून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी त्या तो कळकट स्पंज काढून, साबण लावून घासायच्या बेतात होत्या. मी धावत जाऊन हातातून घेतला. असा स्पंज नळाखाली धुतला की जिवाणू मरतात. धुवायचाच तर टाकीतलंच पाणी काढून त्यात हलक्या हातानं खळबळायचा.

चौथ्या-पाचव्या दिवशी कोलंबी सडली आणि खोलीत वास सुटला. लेक दारातच थबकली. "आई, पुराचा वास येतोय."

खरंच तसाच वास होता. पाणी उतरल्यावर घरात आलेला, कुजलेल्या धान्याचा आणि गाळाचा. हे म्हणाले, "पुरे झालं. उद्या हे सगळं ओतून टाक." मलाही वाटलं, टाकावं. ज्या घरात तो वास एकदा भोगला, तिथे आपल्या हातानं तो पुन्हा का आणायचा?

पण मग मला ते दिवस आठवले. लेकीला जवळ घेऊन विचारलं, "पुरानंतर आपल्याकडे फावडी घेऊन कोण कोण आलं होतं, आठवतं?" म्हणाली, "हो. ते काका. आपल्या ओळखीचे नव्हते. त्यांनी गाळ काढला. मग दुसरे आले, त्यांनी पाण्याचे पाइप लावून धुतलं." मी म्हटलं, "या टाकीत तेच चाललंय. घाण आहे म्हणून ते येताहेत. आधी फावडेवाले येतील, मग धुणारे. त्यांचं काम होईपर्यंत आपण वास सोसायचा."

त्या दिवसापासून जिवाणूंना आमच्या घरात 'फावडेवाले काका' हे नाव पडलं. लेकीनं एक वही केली. एक दिवसाआड थेंब घालून रंग बघायचा आणि वहीत तोच रंग पेन्सिलीनं भरायचा. पहिल्या आठवड्यात अमोनियाचा हिरवा गडद होत गेला. मग तो फिका पडू लागला आणि नायट्राइटचा जांभळा चढला. तो जांभळा काही हटेचना! दोन आठवडे वहीची पानं वांग्यासारखी दिसत होती. बाहेरून बघणाऱ्याला टाकीत काहीच नव्हतं. येणारीजाणारी विचारायची, "मासे कुठेत?" लेक गंभीरपणे सांगायची, "अजून साफसफाई चाललीय."

मला इतकी वर्षं दही लावायची सवय, तरी मी रोज टाकीशी जाऊन उभी राहायचे. काहीतरी ढवळावं, बदलावं, आणखी काही औषध घालावं असं हाताला वाटायचं. दही लागत असताना भांडं हलवू नये, हे लेकीला शिकवणारी मी! पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी अमोनिया पिवळाधमक आणि नायट्राइट आकाशी निळं, दोन्ही शून्य. वहीत तो निळा रंग भरताना लेकीची जीभ बाहेर आली होती. त्या दिवशी आम्ही शिरा केला. मग पाव भाग पाणी बदलून साठलेलं नायट्रेट कमी केलं. मधे वाळूवर तपकिरी शेवाळी थर आला, तो घाबरण्यासारखा नसतो, आपणहून गेला.

मार्चमध्ये क्लाउनफिशची जोडी आली. हे मासे टाकीत वाढवण्याचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं बसवलेलं आहे, म्हणून समुद्रातून पकडलेले नकोत, पैदास केलेलेच हवेत, असं मी आधीच बजावलं होतं. या माशांची एक गंमत सांगते. ते सगळे जन्मतः नरच असतात. जोडीतला थोरला मादी होतो आणि घरावर राज्य करतो. हे ऐकून सासूबाई ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "यात नवीन ते काय?"

मग उन्हाळा आला आणि नवा धडा शिकवून गेला. पाणी आटायला लागलं तशी मी मिठाचं पाणी करून ओतणार होते, पण हात थांबला. आमटी आटली की खारट होते, कारण पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. मग आटलेल्या आमटीत आपण काय घालतो? साधं पाणीच ना! टाकीतही आटलेल्याच्या जागी गोडं पाणीच घालायचं. बीए झालेल्या बाईला इथे शास्त्राच्या पुस्तकापेक्षा आमटीच जास्त उपयोगी पडली. पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर फार जाऊ नये म्हणून वरून छोटा पंखा लावला.

आणि जुलै आला. एका रात्री पाऊस असा कोसळत होता की कौलांचा आवाज छातीत बसावा. वीज गेली. मला जाग आली तर लेक पलंगावर नव्हती. जिन्यावर बघितलं, तिथेही नाही. ती टाकीपाशी होती, हातात विजेरी, आणि शेजारी हे! वीज गेली की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, हे ध्यानात ठेवून ह्यांनीच आधी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणून ठेवला होता. मला न सांगता. दोघं तो लावत होती. बुडबुडे सुरू झाले तशी लेक म्हणाली, "काकांना श्वास मिळाला."

मग पलंगाशी येऊन तिनं नेहमीप्रमाणे पाय खाली सोडून बघितला. ती सवय अजून गेलेली नाही. जाईल तेव्हा जाईल. पण या वेळी पाय वर घेऊन तिनं पांघरूण ओढलं आणि थोड्या वेळात ती झोपलीसुद्धा. मी मात्र बराच वेळ जागी होते. बाहेर वाशिष्ठी भरत होती आणि आत, अंधारात, आमचा एवढासा समुद्र शहाण्यासारखा एका जागी उभा होता.