शाळेमुळे वसलेलं गाव

भूगोलाच्या पुस्तकात टुंड्रा प्रदेशाला जेमतेम दीड पान असायचं. रेनडिअर, इग्लू, स्लेजगाडी... संपला टुंड्रा! निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे, म्हणून सध्या त्या दीड पानाच्या पुढचं वाचत बसते.

सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंशाच्या वर न गेलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिथे मातीला धरून ठेवायचं काम बर्फ करतो. तो वितळला की खाली उरतो चिखल, आणि घर त्या चिखलावर उभं!

अलास्कात निंगलिक नदीकाठी न्यूटॉक नावाचं युपिक लोकांचं गाव होतं. ही मंडळी पूर्वी ऋतूप्रमाणे फिरायची, उन्हाळ्यात मासेमारीच्या जागी, हिवाळ्यात दुसरीकडे. मग सरकारने शाळा काढायचं ठरवलं. असं सांगतात की बांधकामाचं सामान आणणारा बार्ज नदीतून जिथवर जाऊ शकला तिथेच शाळा झाली आणि गावही तिथेच कायमचं बसलं. जन्म शाळेत गेला माझा, पण हे वाचून गप्प झाले. पोरांना शिकवायचं म्हणून फिरत्या लोकांना एका जागी बांधलं, आणि ती जागा निवडली कोणी, तर बार्जने!

नदी वर्षाला सरासरी सत्तर फुटांच्या आसपास काठ खाऊ लागली. पूर्वी शरद ऋतूत समुद्र गोठायचा आणि वादळी लाटा अडायच्या. आता बर्फ उशिरा धरतो, लाटा थेट येतात आणि काठ आतून भुसभुशीत झालेला असतो.

आरोग्याचं म्हणाल तर गावात नळ नव्हते. शौचाला बादली, तिला नाव काय तर ‘हनी बकेट’! (नाव ठेवणाऱ्याला दंडवत.) १९९६ साली निंगलिकने शेजारची छोटी नदी गिळली, तिचा प्रवाह मंदावला आणि बादल्यांची घाण वाहून न जाता साचू लागली. हात धुवायला पुरेसं पाणी नसलं की पोरांना खोकला आणि त्वचेचे आजार होणारच. पण आज ना उद्या हलणाऱ्या गावात नळ कोण घालणार?

आणखी उत्तरेला पॉइंट होपसारख्या गावांत व्हेलचं मांस साठवायला गोठलेल्या जमिनीत तळघरं खणतात. पिढ्यान् पिढ्या वापरलेला फुकटचा फ्रीज! आता त्यांत पाणी शिरतं आणि मांस खराब होतं.

सायबेरियात यामालला २०१६ च्या उन्हाळ्यात अँथ्रॅक्सची साथ आली. म्हणजे आपल्याकडे गुरांना होतो तो फाशी रोग. दोन हजारांवर रेनडिअर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगा गेला. उकाड्याने जमीन वितळली आणि जुने जंतू वर आले असं मानतात. पण तिथे रेनडिअरना लस टोचणं २००७ मध्येच बंद केलं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. सगळं खापर हवामानावर फोडलं की माणसं सुटतात.

असो. न्यूटॉककरांनी नवी जागा स्वतः शोधली. पंधरा किलोमीटरवर, नेल्सन बेटावर, खडकाळ आणि उंच. २००३ साली जमिनीची अदलाबदल मंजूर झाली, पहिली कुटुंबं २०१९ मध्ये गेली आणि शेवटची २०२४ मध्ये. मधल्या वर्षांत पोरं मोठी झाली, म्हातारी माणसं गेली. नव्या गावाचं नाव मर्टार्विक. युपिक भाषेत त्याचा अर्थ झऱ्याचं पाणी भरायची जागा.